संरक्षण करणाऱ्यांचे संरक्षण

१४ एप्रिल ही तारीख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीची म्हणून महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. त्याच तारखेला देशभरचे अग्निशामक दलाचे लोक दरवर्षी आपल्या मृत बांधवांचे स्मरण करतात, ही गोष्ट मात्र त्या मानाने थोड्यांस ठाऊक असते. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज स्फोट होऊन नाहीसे झाले आणि आग विझवावयास धावलेले अग्निशामक दलाचे ६६ लोक त्यात बळी पडले. योगायोग असा की, त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते खुद्द बाबासाहेबांकडेच होते. एका तारखेवर जुळून आलेल्या या दोन आठवणी, एक कामगाराच्या हक्काची आणि दुसरी दारूगोळ्याच्या जागी काम करताना मेलेल्या माणसांची, आमच्या विषयाच्या दोन्ही बाजू दाखवितात.

संरक्षण खाते म्हटले की सीमेवरचा शिपाई आपल्या डोळ्यांपुढे येतो. तो योग्यच मानाचा धनी आहे. परंतु त्याच्या हाती जे शस्त्र असते ते कोणी तरी घडविलेले असते, त्यातला गोळा कोणी तरी भरलेला असतो, आणि तो गोळा वर्षानुवर्षे कोणी तरी कोठारात सांभाळलेला असतो. विमान उडते त्यापूर्वी त्याच्या इंधनाच्या टाकीत कोणी तरी उतरून ती साफ केलेली असते. या माणसांना शत्रू कधी दिसत नाही. त्यांना धोका असतो तो ज्या वस्तूवर हात ठेवून ते पगार मिळवितात तिचाच. लढाईत पडलेल्या वीराचे नाव शिलेवर कोरले जाते. कोठारात किंवा भरणीखान्यात मेलेल्याची बातमी चार दिवसांत शिळी होते. म्हणून या माणसांच्या जिवाची आणि प्रकृतीची काळजी सरकारी संरक्षण खात्यात कशी घेतली जाते, कोठे चुकते आणि ती नीट घ्यावयाची तर काय करावे लागते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा विचार आपल्यापासून दूरचा नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. देहू रोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भद्रावती, भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर आणि वर्धा जिल्ह्यातले पुलगाव ही नावे आपल्या घरोघरच्या बोलण्यातली आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ आयुध कारखान्यांचे मंडळ मोडून त्यांच्या सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या, आणि त्यांतल्या दारूगोळ्याच्या कंपनीची मुख्य कचेरी पुण्यासच आहे. आपल्या गल्लीतला कोणी ना कोणी या भिंतींच्या आत नोकरीला होता किंवा आहे.

फोर्ट स्टिकिनचा धडा

प्रथम त्या जहाजाची हकीकत थोडी तपशिलाने पाहू, कारण पुढे जे सांगावयाचे त्याचे मूळ तीत आहे. जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके होती. त्यांच्याच जोडीला कराचीस कापसाच्या हजारो गासड्या भरल्या, शिवाय तेलाची पिंपे होती. कापूस आणि दारूगोळा यांना एकाच घरात बिऱ्हाडाला ठेवावयाचे नसते, हे त्या काळीही माहीत होते. शांततेच्या दिवसांत असले जहाज धक्क्याशी आणीत नसत. बाहेर नांगर टाकून माल होड्यांत उतरवून घेत. युद्धाच्या घाईत हा दंडक बाजूला राहिला. जहाजावर स्फोटके असल्याची खूण म्हणून जो तांबडा बावटा लावावयाचा तोही लावलेला नव्हता.

दुपारी आग लक्षात आली. पहिला मोठा स्फोट झाला तो चार वाजून सहा मिनिटांनी, आणि दुसरा त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने. त्यांचा हादरा शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. मृतांचा आकडा निरनिराळ्या हिशेबांनी आठशेपासून तेराशेपर्यंत सांगतात. पण आम्हांस अधिक विचार करावयास लावतात ते मधले दोन तास. जहाजाचा कप्तान तेथे होता, गोदीचे अधिकारी होते, अग्निशामक दलाचे अधिकारी होते, लष्कराचा दारूगोळ्यातला जाणकारही आला होता. जहाज तेथेच बुडवावे, की ओढून बाहेर न्यावे, की पाण्याचा मारा चालू ठेवावा, याविषयी प्रत्येकाचे काही मत होते. आज्ञा देण्याचा अधिकार मात्र निर्विवादपणे कोणा एकाचा नव्हता. माणसे शूर होती, साधने होती, वेळही होता. नव्हती ती ठरलेली जबाबदारी.

या एका प्रसंगात सुरक्षिततेची तीन सूत्रे सापडतात. कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी ठेवावयाची नाही, हे एक. धोका आहे ही गोष्ट जवळ येणाऱ्या प्रत्येकाला दिसली पाहिजे, हे दुसरे. आणि संकटाच्या वेळी ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे संकट येण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे, हे तिसरे. पुढे जे नियमांचे डोंगर झाले ते बहुतेक या तीन सूत्रांचाच विस्तार आहेत.

अंतर, मर्यादा आणि स्वच्छता

दारूगोळ्याच्या कारखान्यात प्रथमच जाणाऱ्यास एका गोष्टीचे नवल वाटते: इमारती एकमेकींपासून इतक्या दूर का? कापडगिरणीत सगळे एका छपराखाली असते. येथे एक खोली, मग मोकळे रान, मग मातीचा उंच बांध, मग दुसरी खोली. याचे कारण असे की, स्फोट होणारच नाही अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. म्हणून शास्त्र दुसरा प्रश्न विचारते: झालाच, तर तो किती माणसांपर्यंत पोहोचेल? एका खोलीतला स्फोट दुसऱ्या खोलीस पेटवू नये, आणि गावात तर पोहोचूच नये, एवढ्यासाठी ते रान आणि तो बांध असतो.

अंतराचा हिशेब घनमूळाने करतात. स्फोटकाचे वजन आठपट झाले तर सुरक्षित अंतर आठपट लागत नाही, दुप्पट लागते. नाटो राष्ट्रांच्या नियमांत मोठ्या साठ्यांकरिता वस्तीच्या घरापर्यंतचे अंतर काढताना किलोग्रॅममधील वजनाच्या घनमूळाला सुमारे २२ ने गुणतात. ८,००० किलोचे घनमूळ २०, म्हणजे अंतर झाले सुमारे ४४० मीटर. ६४,००० किलोचे घनमूळ ४०, म्हणजे सुमारे ८८० मीटर. हिशेब शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. मात्र त्यातली एक गोष्ट नजरेआड होऊ नये. हे अंतर म्हणजे जेथे कोणाला काहीच इजा होणार नाही अशी जागा नव्हे. तेथे घर कोसळू नये एवढीच अपेक्षा असते. तावदाने तेथेही फुटतात.

म्हणूनच पिंपरी-चिंचवडकडच्या लोकांच्या तोंडी असलेला ‘रेड झोन’ हा शब्द केवळ सरकारी अडवणुकीचा नाही. संरक्षणाच्या बांधकामांभोवतीच्या जमिनीवर निर्बंध घालण्याचा कायदा १९०३ सालचा आहे. कोठार बांधले तेव्हा भोवती शेते होती. मग शहर वाढत वाढत भिंतीपर्यंत आले. गरीब माणसाला जेथे स्वस्त जागा मिळाली तेथे त्याने घर बांधले, आणि ज्यांनी ती विकली त्यांनी घनमूळाचा हिशेब काही त्यास सांगितला नाही. निर्बंधाने ज्याचे घर अडकते त्याची तक्रार खरी आहे, आणि अंतराची गरजही खरी आहे. दोहोंचा मेळ वेळीच घालणे हे राज्यकारभाराचे काम होते. ते जेथे झाले नाही तेथे आता दोन्ही बाजूंस भीतीच उरली आहे.

अंतराच्या मागोमाग येते मर्यादा. प्रत्येक खोलीच्या दारावर दोन आकडे लिहिलेले असतात: आत स्फोटक अधिकात अधिक किती, आणि माणसे अधिकात अधिक किती. जेवढ्यांवाचून काम चालणार नाही तेवढीच माणसे, आणि पाळीपुरताच माल. हा नियम मोडतो तो बहुधा दुष्टपणाने नव्हे. महिन्याचा ठरलेला आकडा पुरा व्हावयाचा असतो, पुढच्या खोलीत यंत्र बंद पडलेले असते, म्हणून माल येथेच साठवून ठेवतात. मदतीला दोन माणसे जास्त बोलावतात. दिवस निभावतो. दुसऱ्या दिवशीही निभावतो. आणि जे निभावले तोच मग रिवाज होतो.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. आपल्याकडे देवघरात जाताना चपला बाहेर काढतात, तसाच प्रकार येथे असतो. दारापाशी एक आडवी पट्टी किंवा रेघ असते. अलीकडे बाहेरचे जोडे, पलीकडे आतले. आतल्या जोड्यांचा तळ असा असतो की अंगावर साठलेली वीज जमिनीत उतरून जावी. कोरड्या हवेत नायलॉनचे कपडे काढताना जी चुरचुर होते आणि अंधारात ठिणगी दिसते, ती घरात गमतीची असते. बारीक सुरुवातीच्या स्फोटकाला मात्र तेवढी ठिणगी पुरते. म्हणून सुती कपडे, म्हणून हवेतला ओलावा ठराविक राखणे, म्हणून लोखंडाऐवजी पितळेची किंवा लाकडाची हत्यारे, म्हणून आत जाताना काडेपेटीसाठी झडती. वाळूचा एक कण मळणीत गेला तरी घर्षण वाढते. तेव्हा येथे केरसुणी हे देखील सुरक्षिततेचे यंत्र समजावे लागते.

आणि मालही म्हातारा होतो, हे विसरून चालत नाही. पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा कोठारात ३१ मे २०१६ च्या पहाटेच्या सुमारास जी आग लागली, तीत दोन सैनिकी अधिकारी आणि आगीशी झुंजणारे अनेक कर्मचारी मृत्यू पावले. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून टी.एन.टी. पाझरत होते, असे कारण त्या वेळी वृत्तपत्रांतून पुढे आले होते. जो माल वापरता येत नाही तो टाकूनही देता येत नाही, आणि नाहीसा करावयाचा तर ते काम भरणीपेक्षा कमी धोक्याचे नसते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा माणसे गेली. त्यांत बहुतेक कंत्राटदाराने आजूबाजूच्या गावांतून आणलेले मजूर होते. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन इमारतीचे छत कोसळले आणि किमान आठ कामगार प्राणास मुकले. या तीन प्रसंगांत नऊ वर्षेही गेलेली नाहीत.

सावकाश होणारा स्फोट

आतापर्यंत आम्ही बोललो ते आवाज होणाऱ्या अपघातांविषयी. परंतु या कामात दुसरा एक धोका असतो. त्याचा आवाज होत नाही, त्याची बातमी येत नाही, आणि त्याचा हिशेब पेन्शनीच्या वयात चुकता होतो. तो म्हणजे प्रकृतीचा.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या गोळे भरण्याच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया कामाला लागल्या. टी.एन.टी.शी रोजचा संबंध येऊन त्यांची कातडी आणि केस पिवळे पडत. लोक त्यांना कॅनरी पक्ष्यांची उपमा देत. हा रंग थट्टेचा विषय झाला, पण आत यकृत बिघडत होते. शेकडो स्त्रियांना विषारी कावीळ झाली आणि सुमारे शंभर त्यात दगावल्या. विष पोटात जाते ते श्वासाने किंवा अन्नाने, असे प्रथम वाटले होते. मागाहून ध्यानी आले की ते मुख्यतः कातडीतून शिरते. तेव्हा अंगभर कपडे, हात धुण्याची सोय, वारा खेळता ठेवणे, आणि माणसाला काही दिवस त्या कामावर व काही दिवस दुसऱ्या कामावर ठेवणे हे उपाय योजले, आणि युद्धाच्या शेवटच्या वर्षी रोगी व मृत्यू दोन्ही फार कमी झाले. स्त्रिया त्याच होत्या, दारूही तीच होती. बदलली होती ती कामाची रीत.

नायट्रोग्लिसरीनची गोष्ट याहून विलक्षण आहे. हे द्रव्य रक्तवाहिन्या सैल करते. नव्या कामगाराचे पहिल्या दिवशी डोके फुटून जाते, मग तीन-चार दिवसांत शरीर सरावते. रविवारची सुटी आली की सराव मोडतो आणि सोमवारी पुन्हा डोके धरते. ते टाळण्यासाठी काही कामगार सुटीतही थोडेसे द्रव्य टोपीच्या पट्टीला लावून ठेवीत! परंतु डोकेदुखी ही त्यातली लहान गोष्ट. रोजच्या सवयीचे द्रव्य एकाएकी तुटल्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि तरणीताठी माणसे सुटीनंतर छाती धरून कोसळल्याचे डॉक्टरांनी नोंदले आहे. ज्या आल्फ्रेड नोबेलने या द्रव्यावर कीर्ती आणि संपत्ती मिळविली, त्यास उतारवयात छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी तेच औषध सुचविले होते.

त्याच्याच कारखान्यातली एक वस्तू प्रसिद्ध आहे: एक पायाचे स्टूल. मिश्रणाच्या उष्णतेवर नजर ठेवणाऱ्या माणसाला त्यावर बसवीत, म्हणजे डुलकी लागली की तो पडे आणि जागा होई. युक्ती खरी, पण तिच्यात एक विचारसरणी दडलेली आहे: चूक माणसाची, तेव्हा माणसालाच जागे ठेवा. त्यास झोप का येते, पाळी किती तासांची आहे, उष्णतेवर नजर ठेवण्याचे काम यंत्राकडे देता येणार नाही का, हे प्रश्न त्या स्टुलावर बसल्यावर सुचत नाहीत. आजचे सुरक्षिततेचे शास्त्र याच प्रश्नांपासून सुरू होते.

आवाजाचे तसेच आहे. रोज आठ तास ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात काम करणाऱ्याची श्रवणशक्ती हळूहळू जाते, आणि बंदुकीच्या एका बाराचा आवाज कानाजवळ १५० डेसिबलच्याही पुढे जातो. बहिरेपणाची सुरुवात उंच स्वरांपासून होते. माणसाला हाक ऐकू येते, पण शब्द कळत नाही. ‘स’ आणि ‘श’ हरवतात. घरचे म्हणतात, हे मुद्दामच ऐकत नाहीत. चाचणी मैदानावरच्या आणि यंत्रशाळेतल्या कितीतरी माणसांचे म्हातारपण या गैरसमजात गेले असेल. शिशाची धूळही अशीच निमूट काम करते, आणि कपड्यांबरोबर घरी जाऊन पोराबाळांनाही गाठते.

परंतु एखादे संरक्षण खाते आपल्या माणसांच्या प्रकृतीविषयी कसे आंधळे होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आम्हांस ऑस्ट्रेलियात दिसते. तेथील हवाई दलाकडे एफ-१११ जातीची विमाने होती. त्यांच्या इंधनाच्या टाक्या गळत, म्हणून आतले जुने लुकण काढून नवे भरावे लागे. क्वीन्सलँडमधील अँबर्ली तळावर हे काम १९७७ च्या सुमारास सुरू झाले आणि निरनिराळ्या टप्प्यांत जानेवारी २००० मध्ये थांबविले जाईपर्यंत चालले. टाकी इतकी लहान की तरुण तंत्रज्ञास आत सरपटत जावे लागे. तेथे पडल्या पडल्या उग्र रसायनांनी लुकण विरघळवावयाचे आणि खरवडावयाचे. उन्हाळ्यात आतला उकाडा असह्य होई. अंगाला आणि कपड्यांना अशी दुर्गंधी येई की भोजनगृहात इतर माणसे त्यांच्याजवळ बसत नसत. डोकेदुखी, चट्टे, विसराळूपणा, चिडखोरपणा, निराशा अशा तक्रारी येत. त्यांतल्या पुष्कळांना उत्तर मिळे ते कामचुकारपणाच्या संशयाचे.

२००१ साली चौकशी मंडळाचा अहवाल आला. त्याचा आशय असा होता की, एखादा अधिकारी दुष्ट होता म्हणून हे घडले नाही. वीस वर्षे अनेक दुवे निसटत गेले. विमान उडते राहिले पाहिजे ही गोष्ट सर्वांच्या मनात पहिली होती, आणि माणूस त्या खाली होता. तळावर डॉक्टर होते, सुरक्षिततेचे कागद होते, हातमोजे आणि मुखवटेही होते. पण मोजे रसायनात टिकत नाहीत आणि मुखवट्यात उकाड्याने जीव घुसमटतो, ही टाकीतली हकीकत वर पोहोचत नव्हती. पुढे सरकारने त्या माणसांना भरपाईच्या योजना केल्या, आणि त्या अपुऱ्या ठरल्या म्हणून संसदीय समितीला २००९ मध्ये पुन्हा त्या प्रश्नात लक्ष घालावे लागले.

धनी, कायदा आणि तपासनीस

खाजगी कारखान्यात तीन पक्ष निराळे असतात. मालक नफा पाहतो, सरकार कायदा करते, आणि सरकारचा निरीक्षक मालकास जाब विचारतो. संरक्षण खात्यात हे तिन्ही पक्ष एकाच घरचे असतात. सरकारच मालक, सरकारच कायदा करणारे, आणि तपासनीसही सरकारचाच, पुष्कळदा त्याच खात्यातला. आमच्या मते या विषयाची खरी गाठ येथे आहे.

आपल्या कायद्याने ही गाठ काही अंशी ओळखली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ११६ वे कलम होते. सरकारी मालकीच्या कारखान्यांसही हा कायदा लागू, असे ते सांगे. मात्र त्याच कायद्याच्या ५ व्या कलमान्वये सार्वजनिक आणीबाणीत सूट देता येत असे. १८८४ च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्याने सैन्यदले आणि आयुध कारखाने बहुतेक तरतुदींतून वगळले आहेत. नागपुरास ज्याची मुख्य कचेरी आहे ते स्फोटके-नियंत्रणाचे नागरी खाते फटाक्यांचे आणि खाणीच्या दारूचे परवाने देते; लष्करी कोठारांसाठी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारातली साठवण व वाहतूक समिती नियम करते. १९४८ च्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यवसाय-सुरक्षा संहितेने घेतली आहे, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कायदे आहेत, नियमांची पुस्तके जाडजूड आहेत. प्रश्न आहे तो पुस्तक हाती घेऊन दारात उभा राहणारा माणूस कोणाचा नोकर, हा.

इंग्लंडला याचे उत्तर फार मोठी किंमत देऊन सापडले. २ सप्टेंबर २००६ रोजी त्यांचे निमरॉड जातीचे एक विमान अफगाणिस्तानात हवेतच पेटले आणि आतली चौदाही माणसे गेली. शत्रूने ते पाडले नव्हते. इंधन तापलेल्या नळीपाशी पोहोचून आग लागली होती, आणि हा धोका विमानाच्या रचनेत कित्येक वर्षे होता. गंमत, की शोकांतिका म्हणावी, अशी की त्या विमानाच्या सुरक्षिततेचा जाड अहवाल थोडीच वर्षे आधी तयार होऊन मंजूर झाला होता. चौकशी करणारे कायदेपंडित चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की तो अहवाल म्हणजे कागदी कवाईत होती. विमान इतकी वर्षे उडत आहे त्या अर्थी ते सुरक्षितच असणार, असे गृहीत धरून सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. त्यानंतर २०१० मध्ये लष्करी विमानांसाठी स्वतंत्र अधिकारी संस्था झाली, आणि २०१५ मध्ये सर्व संरक्षण खात्यासाठी एक सुरक्षा प्राधिकरण झाले. जो विमान उडवितो आणि जो खर्च वाचवितो, त्यांच्यापैकी कोणीच ‘हे सुरक्षित आहे’ अशी अखेरची सही करू नये, हे त्यामागचे तत्त्व.

काय करावयास हवे

आता या सर्वांतून निघणाऱ्या गोष्टी आम्ही थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट उपायांच्या क्रमाची. धोक्याची वस्तूच टाळता येते का, हे आधी पाहावे. ती टाळता येत नसेल तर कमी धोक्याची वापरावी. तेही जमत नसेल तर माणूस आणि वस्तू यांच्यामध्ये भिंत, यंत्र किंवा अंतर घालावे. मग कामाचे तास आणि पद्धत बदलावी. आणि सर्वांत शेवटी मोजे, मुखवटे आणि कानातले बोळे द्यावे. आपल्याकडे हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. मुखवटे वाटले, सही घेतली, काम झाले! धुळीच्या कामावरच्या माणसाला गूळ दिला की धूळ निघून जाते, हा समजही याच कुळातला. गूळ गोड लागतो. छातीतली धूळ आहे तेथेच राहते.

दुसरी गोष्ट हुकलेल्या अपघातांची. गोळा हातातून निसटला पण फुटला नाही. ठिणगी उडाली पण जवळ माल नव्हता. अशा प्रसंगी ‘देवाची कृपा’ म्हणून आपण पुढे जातो. पण देवाने कृपेबरोबर एक सूचनाही दिलेली असते. ती वहीत उतरली पाहिजे, आणि उतरविणाऱ्यास शिक्षा होता कामा नये. शिस्तीच्या खात्यात हे विशेष कठीण, कारण तेथे चूक कबूल करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे असे समजले जाते. ज्या फोरमनच्या वहीत वर्षभर एकही नोंद नाही त्याची खोली सर्वांत सुरक्षित आहे, असे समजणारा अधिकारी स्वतःस फसवितो.

तिसरी गोष्ट थांबविण्याच्या अधिकाराची. युद्धात आज्ञा मोडणे अक्षम्य असेल. मळणीच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगारास मात्र ‘आवाज निराळा येतो आहे, मी बंद करतो’ असे म्हणता आले पाहिजे. आणि पुढे यंत्रात काही दोष सापडला नाही तरी त्याची पाठ थोपटली पाहिजे. शांततेच्या काळात ठरलेला आकडा एक दिवस उशिरा पुरा झाल्याने देश बुडत नाही.

चौथी गोष्ट कंत्राटी मजुराची. कायम नोकराला शिक्षण, तपासणी आणि पेन्शन, आणि तेच काम करणाऱ्या गावच्या मजुराला फक्त रोज, हा भेद स्फोट ओळखीत नाही. ज्याला वस्तूचे नाव आणि स्वभाव सांगितलेला नाही त्यास त्या वस्तूजवळ पाठवू नये, हा नियम अपवादाविना पाळला पाहिजे.

पाचवी गोष्ट गुप्ततेची. १७०० साली रामाझिनी या इटालियन वैद्याने व्यवसायांच्या रोगांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला, आणि रोग्यास ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारीत जा, असा उपदेश सर्व वैद्यांना केला. आता कल्पना करा: कोठारातला निवृत्त माणूस गावातल्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर विचारतात. तो म्हणतो, ‘साहेब, कामाचे सांगता येत नाही.’ शस्त्राची रचना आणि संख्या अवश्य गुप्त राहावी. पण माणसाच्या अंगात कोणते विष गेले त्याचे नाव गुप्त ठेवण्यात देशाचे कोणते हित आहे? प्रत्येकाच्या प्रकृतीची आणि त्याने हाताळलेल्या द्रव्यांची नोंद त्याच्या हाती राहिली पाहिजे, आणि नोकरी संपल्यावरही तपासणी चालू राहिली पाहिजे. कारण हे रोग पेन्शनीची तारीख पाहून येत नाहीत.

आणि सहावी गोष्ट आपणा नागरिकांची. भिंतीआड काय चालते हे विचारण्याचा आपणास संकोच वाटतो. देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून आपण गप्प बसतो. परंतु मोठ्या अपघाताची चौकशी झाल्यावर तिचा निष्कर्ष काय, सुचविलेले उपाय कोठवर आले, मेलेल्या कंत्राटी मजुराच्या घरी भरपाई पोहोचली का, आणि कोठाराभोवतीच्या रानात नवी घरे कोणाच्या परवानगीने उठत आहेत, हे विचारल्याने कोणतेही गुपित फुटत नाही. हे प्रश्न लोकसभेत, नगरपालिकेत आणि वृत्तपत्रांत वारंवार विचारले गेले पाहिजेत. विचारणारे कोणी नसेल तर स्वतंत्र तपासनीसदेखील कालांतराने घरचा होतो.

फोर्ट स्टिकिनवर गेलेल्या त्या ६६ जणांपैकी पुष्कळांना जहाजाच्या पोटात काय आहे हे आग विझवू लागेपर्यंत ठाऊकही नसेल. १४ एप्रिलला आपण त्यांना मान देतो तो योग्यच आहे. परंतु आज सकाळी खडकीत, जवाहरनगरात किंवा पुलगावात जो माणूस बाहेरचे जोडे काढून रेघेपलीकडे गेला असेल, त्यास आत काय आहे ते सांगितलेले आहे, ते थांबविण्याचा अधिकार त्यास आहे, आणि संध्याकाळी तो धडधाकट घरी येईल याची चिंता त्याच्या बायकोखेरीज दुसऱ्याही कोणाला तरी आहे, एवढे आपण पाहू शकलो तर तो मान अधिक खरा होईल.